घरातला रांजण आणि घाटातला रांजण



आपण जुन्नरकर पाहुण्याला शिवनेरी दाखवितो, लेण्याद्री दाखवितो, उत्साह असला तर नाणेघाटही दाखवितो. स्वयंपाकघरातला पाटा मात्र दाखवीत नाही. आज आपण तेथेच थोडे डोकावू.

नाणेघाटाच्या माथ्याशी दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे परंपरा सांगते. आपल्या माजघरातला रांजण मातीचा. तो पाझरतो, पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, ती जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार. जकातीचा रांजण असा पाझरता, तर खजिनाच गार झाला असता!

पाट्याची तऱ्हा आणखी न्यारी. विळी बोथट झाली की आपण तिला घासून धार लावतो. पाटा घासून गुळगुळीत झाला की टाकी मारून खडबडीत करून घेतो. पाट्याची धार त्याच्या खाचांत असते. गुळगुळीत दगडावर मिरची नुसती घसरते. गुळगुळीत भाषणाचेही तसेच होते, हे आम्हां व्याख्यात्यांनी ध्यानात ठेवावे.

पण ही नुसती थट्टा नव्हे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या जुन्नरच्या शिलालेखांत कासारांच्या आणि बुरुडांच्या श्रेणी आहेत. त्यांच्याकडे धर्मकार्यासाठी ठेवी ठेवीत. भांडी घडविणाऱ्यावर आणि टोपल्या विणणाऱ्यावर लोकांचा एवढा भरवसा होता! पुण्यास दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि त्या संग्रहालयाला आपल्या दिवंगत मुलाचे, राजाचे, नाव दिले. ज्याला आपण अडगळ म्हणतो, त्यातच त्यांनी मुलाची आठवण ठेवली.

आंबेगावकरांना हे अधिक सांगावयास नको. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. जमीन मोजता येते, घराची किंमत ठरविता येते. पण कोणत्या खुंटीला काय अडकवीत आणि ती एवढी उंच का, हे कोणत्या रकान्यात लिहायचे? ते ठाऊक असलेले माणूस घराच्या कोपऱ्यात बसलेले असते आणि आपण त्याला विचारीत नाही.

म्हणून एवढेच करू. आज घरी गेल्यावर माळ्यावरची एक वस्तू खाली काढू आणि आजीला विचारू, "हिला काय म्हणतात गं?" पहिले उत्तर बहुधा येईल, "तुझी तब्येत बरी आहे ना?" त्यावर आपणही हसू, आणि पुन्हा विचारू.