'ग'च्या पिंजऱ्यांपुढे



नाव-गाव-फळ-फूल खेळताना 'ग' आला, की प्राण्याच्या रकान्यात बहुतेक जण गाय लिहून मोकळे होतात. फारच झालं तर गाढव. आणि दोघांचं उत्तर सारखं आलं म्हणून निम्मेच गुण मिळाले, की कुरकुरतात! प्राणिसंग्रहालयात मात्र 'ग'ची चांगली चंगळ आहे. गवा, गेंडा, गरुड, गिधाड, गिबन, गोरिला. तिकिटाचे पैसे वसूल झाले पाहिजेत म्हणून पोरांना फरफटत एकूण एक पिंजरा दाखवणारे पालक मी बघतो, तेव्हा मला वाटतं, यांनी एखादं अक्षर धरून यावं. चारच प्राणी बघावेत, पण नीट बघावेत.

सुरुवात गव्यापासून. पुण्यात कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात तो आहे. लोक कुंपणाशी येतात, "रेडा दिसतोय," म्हणतात आणि वाघाकडे पळतात. जरा थांबा. चारही पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतील. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत आलेला उंचवटा पाहा. ती चरबी नाही, मणक्याची हाडंच तिथे वर वाढलेली असतात. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास भरतो, आणि एवढा देह असून स्वभाव भित्रा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलं राधानगरी-दाजीपूरचं अभयारण्य गव्यांसाठीच नावाजलेलं आहे. पण 9 डिसेंबर 2020 ला पुण्यातच, कोथरूडच्या वस्तीत एक गवा चुकून शिरला, तेव्हा त्याच्यामागे गर्दी लागली, आरडाओरडा झाला, मोबाइल सरसावले. काही तासांच्या धावपळीनंतर त्याला पकडलं, पण तो वाचला नाही. पिंजऱ्यातला गवा शांतपणे रवंथ करत असतो, त्याच्यापुढे उभं राहून मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

आता गेंडा. याच्यापाशी मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण एका गेंड्याची हकीकत आपल्या गोव्याहून सुरू होते. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला एक गेंडा नजराणा दिला. अल्बुकर्कला खरं तर दीवला किल्ला बांधायची परवानगी हवी होती. परवानगी काही मिळाली नाही, गेंडा मिळाला! एवढं धूड गोव्यात ठेवून करायचं काय? त्याने ते आपल्या राजाकडे, दोम मानुएलकडे, रवाना केलं. जानेवारी 1515 मध्ये जहाज गोव्याहून निघालं आणि 20 मे रोजी लिस्बनला लागलं. रोमन साम्राज्यानंतर युरोपच्या भूमीवर जिवंत गेंडा कुणी पाहिलाच नव्हता. गेंडा आणि हत्ती जन्माचे वैरी, असं जुन्या ग्रंथात लिहिलेलं. राजाने दोघांना समोरासमोर आणून त्याची परीक्षाच घेतली. हत्तीने गेंड्याला पाहून धूम ठोकली.

पुढे राजाने तो गेंडा पोपला भेट म्हणून पाठवला, गळ्यात हिरव्या मखमलीचा पट्टा बांधून. इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळात सापडलं. गेंडा खरं तर उत्तम पोहतो, पण हा साखळदंडांनी जखडलेला होता. बुडाला. मात्र त्याचं चित्र राहिलं. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने गेंडा आयुष्यात कधी पाहिला नव्हता. लिस्बनहून आलेल्या एका रेखाटनावरून त्याने लाकडी ठसा कोरला. अंगावर चिलखताचे पत्रे, आणि मानेमागे एक जादा शिंग! पुढची अडीचशे वर्षं युरोपातले विद्वान गेंडा असाच असतो म्हणून ते चित्र छापत राहिले.

पिंजऱ्यातला गेंडा पाहताना हे आठवलं, की ड्यूररचा राग येत नाही. खांद्यावरच्या आणि मांडीवरच्या कातडीच्या घड्या खरोखर चिलखतासारख्या दिसतात. आणखी एक पाहा. गेंडा लीद टाकायला पुन्हा पुन्हा ठरलेल्या ढिगापाशी जातो. एवढी शिस्त बाहेर बाकांवर बसून वेफर्सची पाकिटं भिरकावणाऱ्यांत मला अजून दिसायची आहे. असो. रानातल्या गेंड्यांचं म्हणाल, तर आसामातल्या काझीरंगात 2022 च्या मोजणीत 2,613 गेंडे निघाले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे मोजकेच उरले होते.

गोरिला पाहायचा तर म्हैसूरला जावं लागेल, गिबनसाठी आसाम गाठलेलं उत्तम. हूलॉक गिबन हा भारतातला एकमेव बिनशेपटीचा कपी, आणि सकाळी नरमादी जोडीने आवाज लावतात तो रान दणाणून सोडतो. गरुड मी आज वगळतो. त्याचं कौतुक करायला पुष्कळ जण आहेत.

राहिलं गिधाड. मुलं नाक मुरडतात, मोठेही. डोकं-मान उघडी, कारण मेलेल्या जनावराच्या पोटात मान खुपसायची तर पिसं रक्तामांसाने माखणार. गावाबाहेर टाकलेलं ढोर गिधाडांचा थवा तासाभरात साफ करायचा. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीवर पारशी समाजाची अंत्यविधीची सारी रीतच त्यांच्यावर अवलंबून होती. 1990 नंतर अवघ्या दीड दशकात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णवहून जास्त नाहीशी झाली. कारण सापडलं 2004 मध्ये : डायक्लोफेनॅक. दुखण्यावर, सुजेवर गुरांना टोचलं जाणारं स्वस्त औषध. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात आणि थोड्या दिवसांत खेळ संपतो. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, तेव्हा झालेली तूट भरून निघणार कशी? हरियाणात पिंजोरला पिंजऱ्यात जोड्या लावून पिल्लं वाढवली जातात, आणि तिथली गिधाडं अलीकडे आपल्या विदर्भातल्या जंगलांतही आणली आहेत. प्राणिसंग्रहालयं हवीत कशाला, असं विचारणाऱ्यांना मी पिंजोरकडे बोट दाखवतो.

डायक्लोफेनॅक गुरांसाठी वापरायला 2006 पासून बंदी आहे, गिधाडांना तशाच घातक केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅकवर 2023 पासून. पण माणसांसाठीची हीच औषधं गोठ्यात पोहोचायला वेळ लागत नाही. माझं बोलणं ऐकणाऱ्यांत गुरं राखणारे शेतकरी असतील. त्यांना एवढीच विनंती : बैल लंगडला, गाय सुजली, की मेडिकलमधून मनाने इंजेक्शन आणू नका. गुरांच्या डॉक्टरांना बोलवा आणि मेलॉक्सिकॅम चालेल का, हे त्यांना विचारा. ते गुरांना लागू पडतं आणि गिधाडांना मारत नाही.