कूस बदलणारे हात

(वर्तकनगर, ठाणे येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिन साजरा होतो. शाल, पुष्पगुच्छ, ‘सेवामूर्ती’, ‘करुणामूर्ती’ अशी विशेषणे, आणि सत्कार आटोपला की तीच भगिनी पुन्हा रात्रपाळीला! या गौरवात एक अन्याय दडलेला आहे. परिचारिकेला अंतःकरण असते, हे समाजाने मान्य केले. तिच्यापाशी शास्त्रही असते, हे मान्य करावयाचे राहून गेले.

परळच्या के.ई.एम. रुग्णालयाचेच उदाहरण घ्या. तेथील परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर शुद्ध हरपलेल्या अवस्थेत गेल्या आणि १८ मे २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात राहिल्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, शुश्रूषा थांबली नाही. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या भगिनींचा मुक्तकंठाने गौरव केला. इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही, ही माहिती न्यायालयासमोर आली होती. वृत्तपत्रांनी तिला ममतेचा चमत्कार म्हटले. ममता होतीच, पण केवळ ममतेने शय्याव्रण टळत नाही.

शय्याव्रण म्हणजे आपण ज्याला ‘बेडसोअर’ म्हणतो तो. माकडहाड, खुबा, टाच अशा ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपले जाते, रक्तपुरवठा थांबतो आणि ऊती मरू लागतात. वर जखम दिसते तेव्हा आत पुष्कळ बिघडलेले असू शकते. वर्तकनगरच्या कोणत्याही इमारतीत पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आजोबा किंवा खुब्याचे हाड मोडलेल्या आजी आढळतील. तेथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

यावर पूर्वी उपाय कोणता होता? स्पिरिट लावायचे, पाठ खसाखसा चोळायची, वर पावडर. परिचारिकांना हेच शिकविले जाई. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने हे गृहीत धरले नाही. वृद्ध रुग्णांची पद्धतशीर पाहणी करून १९६२ साली तिने सहकाऱ्यांसह निष्कर्ष मांडले. त्यांत लेप-मलमांपेक्षा नियमित कूस बदलण्याला महत्त्व मिळाले. शरीरस्थिती, मनाची स्थिती, चालणे-फिरणे, अंथरुणातील हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच गोष्टींना गुण देऊन धोका आधीच ओळखण्याची रीत तिने घालून दिली. वीसपैकी चौदा किंवा त्याहून कमी गुण मिळाले, तर सावध व्हायचे. ना यंत्र, ना तपासणीचा खर्च! १९८७ मध्ये ब्रेडन आणि बर्गस्ट्रॉम या अमेरिकी विदुषींनी अशीच आणखी एक श्रेणी प्रसिद्ध केली. लाल झालेली जागा चोळू नये, मधे भोक असलेली रबरी रिंग वापरू नये, टाचा गादीपासून अधांतरी ठेवाव्यात, हे आता मान्य झाले आहे. तरीही अनेक घरांत ती रिंग आजही मोठ्या मायेने विकत आणली जाते.

पण कळणे आणि वळणे यांत अंतर आहे. कक्षात वीस वर्षे चालत आलेली चोळण्याची पद्धत बंद करा, असे म्हणायला कोणीतरी धजावे लागते. ते डॉक्टरांच्या फेरीत होत नाही. डॉक्टर पाच मिनिटे थांबतात, परिचारिका आठ तास. म्हणून तो अधिकार कक्षाच्या प्रमुख परिचारिकेकडे हवा. तिची नोंदवही केवळ सही करण्याची वही न राहता पुराव्याचा ग्रंथ व्हायला हवी.

जे शास्त्र आहे, ते स्वतःचे नियमही तपासते. ‘दर दोन तासांनी कूस बदला’ हा तर जणू वेदवाक्य मानलेला नियम! २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिका व कॅनडातील २७ शुश्रूषागृहांतील ९४२ वृद्धांवर दोन, तीन आणि चार तासांचे अंतर ताडून पाहिले गेले. शय्याव्रणाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र ते सारे उच्च घनतेच्या फोमच्या गादीवर होते. आपल्या घरची कापसाची, मधे खड्डा पडलेली गादी आणि घामाने भिजलेली चादर यांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. ते इथल्या परिचारिकांनीच मोजायला हवे.

तोवर उशाशी एक वही ठेवावी. किती वाजता, कोणत्या कुशीवर, लाली कोठे. बोटाने दाबल्यावर ती फिकी होते की तशीच राहते. तशीच राहिली तर त्या बाजूवर पुन्हा निजवू नये आणि परिचारिकेला किंवा डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे. ब्युरोतून येणाऱ्या मावशींनाही ही वही लिहावयास शिकवावी. दिवसपाळी आणि रात्रपाळी यांच्यामधला निरोप बहुधा तिथेच हरवतो.