लाल रुमाल आणि मालवणचे पाणी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझी सासुरवाडी कोकणातली. हिचे वडील खलाशी, भाऊही खलाशी. भाऊ एकदा समुद्रावर गेला तो परतला नाही. तेव्हापासून हिने खाऱ्या पाण्यात पाऊल घातलेले नाही. आम्ही बिबवेवाडीत घर केले तेव्हा ‘इथून दर्या लांब आहे,’ याचेच हिला समाधान.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये तिथला परिसर सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथे बुडी मारायला मी निघालो, तेव्हा हिने माझ्या मनगटाला लाल रुमाल बांधला. म्हणाली, “खाली काय आहे ते मला दाखवा.”

खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा मी जलरोधक पेटीत घालून नेला. घरी येऊन फोटो पाहिले, तर सारे हिरवट-निळे आणि रुमाल काळपट! ही म्हणाली, “मी तर लाल दिला होता.”

मग गच्चीवर पाण्याच्या पिंपात रुमाल बुडवून फोटो काढला. तिथे तो लालच आला. पाणी हातभर होते ना! पाणी आधी लाल रंग गिळते, मग नारिंगी, मग पिवळा. साधारण ५ मीटरवर लाल बराचसा विझतो. उरतो निळा-हिरवा; गाळ असला की हिरवा अधिक. शिवाय पाण्याचे अंतर दोनदा मोजावे लागते: पृष्ठभागापासून वस्तूपर्यंत आणि वस्तूपासून कॅमेऱ्यापर्यंत. समुद्राचे निळेपण म्हणजे नुसते आकाशाचे प्रतिबिंब नव्हे, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या बोटप्रवासानंतर दाखवून दिलेच होते.

दुसऱ्या खेपेस पांढरी प्लॅस्टिकची ताटली बरोबर नेली. खाली गेल्यावर फ्लॅश बंद ठेवून, ताटलीवर कॅमेरा रोखून ‘व्हाइट बॅलन्स’ लावला. म्हणजे कॅमेऱ्याला सांगितले, बाबा रे, इथे पांढरे म्हणतात ते हे. दोन-तीन मीटर वर-खाली झाले की पुन्हा ताटली दाखवायची. ही सोय नसेल तर अनेक कॅमेऱ्यांत पाण्याखालची खूण असते, ती निवडावी. वस्तूच्या हातभर जवळ जावे, पण प्रवाळाला हात लावू नये, त्यावर पाय तर मुळीच ठेवू नये. फ्लॅश वापरायचाच तर जवळच्या वस्तूसाठी, आणि तेव्हा ताटलीचे माप रद्द करून. नाहीतर सारे तांबडे होते. गढूळ पाण्यात फ्लॅश मारला की गाळाचे कण भुरभुर बर्फासारखे चमकतात. पाऊस संपून पाणी निवळले की जावे.

संगणकावर रंग वाढवता येतात. मलाही मोह झाला. पण मी पाहिलेले प्रवाळ तपकिरी होते. ते गुलाबी करून दाखवले असते, तर हिच्याशी खोटे बोललो असतो. रुमाल शेजारी ठेवला आणि फोटोतला लाल त्याच्याशी जुळेपर्यंतच रंग हलवला. शब्दांच्या बाबतीतही मी हेच करत आलो आहे.

हिने तो फोटो बराच वेळ पाहिला. तपकिरी प्रवाळ, पिवळे-काळे पट्टेदार मासे आणि मनगटावर लाल रुमाल. “भाईजानच्या दर्यात इतके मासे आहेत तर,” एवढेच म्हणाली.

पुढच्या खेपेला ती होडीपर्यंत येणार आहे.