सुताराला इमारतही कळायला हवी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



समितीने मला ‘सुतारकामाबद्दल दोन शब्द’ बोलायला सांगितलंय. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवण्यात माझी 27 वर्षं गेली, त्यामुळे दोन शब्दांत आवरणं कठीण. पण जेवणाचा वास येतोय, तेव्हा लांबवत नाही.

आमच्या ट्रेडला मुलं आठवी पास होऊन यायची. आधी करवत, रंधा, पटाशी; मग सांधे. त्याबरोबर लाकडाचा स्वभाव. लाकूड लांबीला जवळजवळ बदलत नाही, रुंदीला मात्र हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगतं-आकसतं. म्हणून जुलैत तुमचं दार अडकतं. तेव्हाच रंधा मारून मोकळं केलंत की जानेवारीत फट पडते. कितीजणांनी केलंय ते विचारत नाही! खरं तर दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला कोणी पॉलिश करत नाही, ओल तिथूनही शिरते.

हे सगळं मी मन लावून शिकवलं. पण ते लाकूड ज्या भिंतीला, ज्या खांबाला लागणार, त्याबद्दल आणि नियमांबद्दल वर्षभरात जेमतेम दोन तास बोलायचो. ‘ते सिव्हिलवाल्यांचं काम’ म्हणून मोकळा व्हायचो.

आता कबुली देतो. 16 वर्षांपूर्वी बेडरूमचं कपाट भिंतीला सपाट बसावं म्हणून मी माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडून खांबाचा कोपरा फोडून घेतला. सळई दिसली. पोरगं थांबलं, म्हणालं, ‘‘सर, चालेल ना?’’ मी म्हटलं, ‘‘चालेल, वर सनमायकाच येणार आहे.’’

गेल्या वर्षी स्ट्रक्चरल ऑडिट झालं. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर 5 वर्षांनी ते करायचं असतं. इंजिनिअरबाईंनी कपाटाची पाठ काढायला लावली. सळई गंजून पापुद्रे सुटलेले, आणि भेग थेट फरशीपर्यंत. त्या खांबावर माझ्या वरचे चार मजले आहेत. त्यातली काही मंडळी आत्ता समोर बसली आहेत.

बाईंनी मला विद्यार्थ्यासारखं समजावलं. काँक्रीट अल्कधर्मी असतं, ते सळईला गंजापासून जपतं. खांबाच्या मुख्य सळ्यांवर निदान 40 मिलिमीटर काँक्रीट हवं, असं आयएस 456 सांगतं. तेच काढलं तर हवा आणि ओल आत पोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. म्हणजे मी पावसाळ्यात फुगणारं दार शिकवत होतो आणि फुगणारी सळई घरात झाकून ठेवली होती. दुरुस्ती माझ्या खर्चाने झाली. तो मुद्दा नाही. त्या पोराने विचारलं होतं, आणि उत्तर मी चुकीचं दिलं.

सोसायटीच्या उपविधींत फेरफाराआधी लेखी परवानगी घ्या असं आहेच. पण तो कागद सुतारापर्यंत पोचत नाही. त्याला आपण फक्त ‘दिवाळीच्या आत संपव’ एवढंच सांगतो.

म्हणून समितीशी बोलून ठरवलंय: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी 9 वाजता मी खाली पार्किंगमध्ये असेन. घरात काम काढणार असाल तर सुताराला घेऊन या. खांब कुठला, तुळई कुठली, पाण्याचा पाइप कुठून जातो, बाहेरच्या भिंतीपासून कपाट दोन बोटं लांब का ठेवायचं, हे सगळं तासाभरात दाखवतो. चहा माझ्याकडून.