सिस्टरलाही मत असतं

(भिसेगाव इथे झालेल्या महिला मेळाव्यात एका निवृत्त आरोग्यसेविकेनं केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. तिच्या सांगण्यावरून प्रसंगांमधली गावं आणि नावं दिलेली नाहीत.)



मला विषय दिलाय ‘माझी मतं’. १९८६ ते २०२२, छत्तीस वर्षं नोकरी केली, पण तुझं मत काय हे कुणी विचारलं नाही. सरकारी नोकराला मत असतं ते निवडणुकीपुरतं. ते द्यायचं आणि गप्प बसायचं. साहेब येणार म्हटलं की उपकेंद्र झाडून घ्यायचं, पुढारी येणार म्हटलं की रांगोळी काढायची. आज विचारलंत, तर सांगते. कुणाला नाही पटलं तर मधेच बोला, मला सवय आहे.

तुम्ही बऱ्याचजणी लोकलनं आलात. कर्जत स्टेशन आणि आमचं भिसेगाव हाकेच्या अंतरावर. पण तालुका इथे संपत नाही. कशेळ्याच्या पुढे डोंगराच्या कडेनं ठाकूरवाड्या, कातकरवाड्या आहेत. माझी निम्मी नोकरी तिकडे गेली. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पावसाआधी परततात. बाईला पहिलं धनुर्वाताचं इंजेक्शन मी दिलेलं असायचं, दुसऱ्याच्या वेळी घराला कुडाचं दार लावलेलं. रजिस्टरात एकच शब्द, ‘स्थलांतरित’. वरचे म्हणायचे, तुमचं काम अपूर्ण. मी म्हणायचे, माझं नाही, तिचं पोट अपूर्ण आहे. म्हणायचे म्हणजे मनात.

औषधाबद्दल माझं पहिलं मत सलाईनबद्दल आहे. हातावर काहीतरी टोचल्याशिवाय आपल्याला बरं वाटत नाही. दिवसभर भात लावून बाई थकते, खासगी दवाखान्यात जाते, बाटली लावून घेते, पैसे देते. बाटलीत असतं मीठपाणी नाहीतर साखरपाणी. तोंडानं पिता येत असेल तर ते घरी होतं, आणि जुलाबावरची पावडर आमच्याकडे फुकट मिळते. फुकट म्हणूनच किंमत नाही. लोहाच्या लाल गोळ्यांचं तेच. गोळी घेतली की शौचाला काळं होतं, बायका घाबरतात आणि गोळ्या मोरीत टाकतात. काळं होणार, घाबरू नका, एवढं एक वाक्य गोळ्या देताना सांगायचं असतं. ते सांगायला मला स्वतःला चार वर्षं लागली, कारण प्रशिक्षणात गोळ्यांचा हिशोब शिकवला होता, हे वाक्य नव्हतं.

आता मालिका. हसू नका, मीही बघते. ‘चार दिवस सासूचे’ ज्या वर्षांत चालू होती तेव्हा संध्याकाळी वाडीत ज्या घरी टीव्ही, त्या घरी सगळ्या बाया गोळा. मी जाहिराती लागल्या की बोलून घ्यायची. पाळीबद्दल, पांढरं जाण्याबद्दल. सभेला बोलावून कोण आलं असतं? पण माझं भांडण आहे ते मालिकेतल्या चक्करशी. सून चक्कर येऊन पडते, डॉक्टर मनगट धरतो आणि म्हणतो, आनंदाची बातमी आहे. मनगट धरून दिवस गेल्याचं कळत नाही, बायांनो. एका घरी खरंच सून पाण्याच्या हंड्यासकट पडली. सासूनं साखर वाटली. मी तपासलं तर दिवस गेलेले नव्हते, हिमोग्लोबिन सहा होतं. सासूचा चेहरा उतरला, जणू सुनेनं फसवलं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. पडद्यावर मात्र एकीचंही हिमोग्लोबिन कमी नसतं. करमणुकीतून सांगता येत नाही असं नाही. १९८३ साली तुमच्यातल्याच बायकांनी ‘मुलगी झाली हो’ उभं केलं, ते बघून बाया हसल्या आणि रडल्याही.

दुसरं भांडण तुमच्याशी आहे. गर्भनिरोधक इंजेक्शनांविरुद्ध तुम्ही लढलात, १९८६ साली बायकांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, ते मला ठाऊक आहे. २०१७ पासून त्याच जातीचं इंजेक्शन ‘अंतरा’ नावानं सरकारी केंद्रात आलं आणि मीच ते टोचलं. पाळी बिघडते, हाडांवर परिणाम होऊ शकतो, हे सांगून टोचलं. तरी बाया मागायच्या. का? तर नवऱ्याला दिसत नाही. गोळीचं पाकीट सापडतं, इंजेक्शन सापडत नाही. ऑपरेशन कुणाचं होतं ते बघा. त्याच पाहणीत देशभरात शंभरातल्या जवळजवळ अडतीस बायकांनी ऑपरेशन केलेलं, आणि नसबंदी केलेला नवरा हजारात तीन. १९९६ पर्यंत आम्हाला टार्गेट होतं. मार्च जवळ आला की मी दारोदार फिरायची, बायांना जीपमध्ये बसवायची. त्यातल्या सगळ्या मनानं आल्या होत्या असं मी शपथेवर सांगणार नाही.

राजकारणाचं आता सांगते, ते एका बाईचं आहे.

ती ग्रामपंचायतीत निवडून आली होती, महिला राखीव जागेवर. आधी सभेत नवरा बोलायचा. वर्षभरानं ती बोलायला लागली, पाण्याच्या टाकीवरून ग्रामसेवकाशी भांडली. दोन मुलगे होते. २००८ साली एका संध्याकाळी नवऱ्याबरोबर माझ्याकडे आली, साडेचार महिने झालेले. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर पंचायतीचं सदस्यत्व जातं. मला वाटलं, नवरा ओढून आणतोय. त्याला बाहेर बसवलं आणि तिला एकटीला विचारलं. ती म्हणाली, “त्यांना पोर चालेल. मला खुर्ची पाहिजे, सिस्टर.”

कायद्यानं वाट होती. १९७१ च्या कायद्यात तेव्हा वीस आठवड्यांपर्यंत परवानगी होती, साधन निकामी ठरलं हे विवाहित बाईला कारण चालायचं. बारा आठवड्यांच्या पुढे दोन डॉक्टरांचं मत लागायचं. मी चिठ्ठी लिहून पाठवलं. तिथे म्हणाले, नवऱ्याची सही आणा. सज्ञान बाईला नवऱ्याच्या सहीची गरज कायद्यात नाही, हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. नवरा आज सही देतो, उद्या देतो करत राहिला. मग म्हणाले दुसरे डॉक्टर रजेवर आहेत. वीस आठवडे उलटले.

मुलगी झाली. नवरा माझ्याकडे आला, जन्माच्या नोंदीसाठी आईच्या जागी जावेचं नाव कळवा. जाऊबाईंना एकच मुलगा होता. मी नाही म्हटलं. खोटी नोंद मी आयुष्यात केली नाही. विरोधी पार्टीनं तीच नोंद काढून तक्रार केली, आणि तिचं सदस्यत्व गेलं. पोटनिवडणुकीत जाऊ निवडून आली आणि सभेत पुन्हा दीर बोलायला लागला.

माझं मत विचाराल तर हा कायदा पुरुष सदस्यालाही लागू आहे, पण त्याच्या खुर्चीसाठी पोट रिकामं करायला त्याची बायको येते. अशाही आल्या माझ्याकडे. लोकसंख्येचा भार बाईच्या खुर्चीवर टाकलेला आहे. आमदार-खासदाराला ही अट नाही, ती गावच्या पंचायतीला आहे, जिथे आम्ही पहिल्यांदा बसायला लागलो. नोंद मी खरी लिहिली, ती आजही खरीच लिहीन. पण त्या दिवशी चिठ्ठी देऊन घरी आले, त्याऐवजी तिच्याबरोबर जायला हवं होतं. सहीची गरज नाही, हे त्या टेबलापुढे उभं राहून बोलायला हवं होतं. गेले नाही, कारण दुसऱ्या दिवशी पोलिओचा डोस होता आणि साहेबांना मी घाबरत होते. यातलं कोणतं कारण मोठं होतं ते अजून ठरवलेलं नाही.

बरीच वर्षं ती माझ्याशी बोलत नव्हती. मागच्या महिन्यात कर्जतच्या बाजारात भेटली, सुकी मच्छी घेत होती. मुलगी बरोबर होती, आता अठराला आली आहे, आईपेक्षा उंच. तिला पुढे पाठवून ती माझ्याजवळ आली आणि विचारलं, “सिस्टर, ही अठराची पुरी झाली की ती मोजतात का? मी परत उभी राहू शकते का?”

मोजतात, असं मला तिला सांगावं लागलं.