जुन्या मोटारींतील नवे कांटे

जुन्या मोटारीचा डॅशबोर्ड स्वभावानें मितभाषी असतो. वेग दाखविणारा एक मोठा कांटा, पेट्रोलचा एक लहान कांटा आणि बाजूला दोन-तीन रंगीत दिवे. पुष्कळशा गाड्यांचें बोलणें एवढ्यावरच आटोपतें. अ‍ॅम्बॅसडर गाडीचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीनें २०२३ च्या ऑक्टोबरांत निरोप घेतला. तथापि वडिलांची किंवा आजोबांची म्हणून जिव्हाळ्यानें सांभाळलेल्या अशा गाड्या पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांत अजून आहेत. त्यांचीं इंजिनें वृद्ध झालीं आहेत, आणि वृद्धाची नाडी वरचेवर पाहावी लागते. म्हणून मालक बाजारांतून तेलाच्या दाबाचा, पाण्याच्या उष्णतेचा व बॅटरीच्या स्थितीचा असे तीन मीटर आणवून डॅशबोर्डाखालीं बसवून घेतात. यांत हौसेपेक्षां गरजेचा भाग अधिक आहे.

तेलाचा तांबडा दिवा काय सांगतो तें पाहिलें म्हणजे ही गरज पटते. धांवत्या इंजिनांत तेलाचा दाब सामान्यतः दर चौरस इंचास चाळीस-पन्नास पौंड असतो. दिव्याची कळ मात्र बहुधा तो पांच-सात पौंडांपर्यंत उतरल्यावांचून जागी होत नाहीं. पन्नासाचे वीस होईपर्यंत दिवा मौन पाळतो. आणि तो लागतो तेव्हां बेअरिंगांचें नुकसान पुष्कळदां होऊन चुकलेलें असतें. कांटा हीच गोष्ट महिनोन्महिने आधीं सांगूं लागतो.

अर्थात् तो खरें बोलत असेल तर. चुकीच्या जोडणीचा कांटा नसलेल्या कांट्याहून वाईट, कारण त्याच्या भरंवशावर मालक सहकुटुंब बोरघाट चढावयास निघतो. त्यांत विलक्षण गोष्ट अशी कीं, जोडणींतील दोषामुळें कांटा चुकतो तो बहुधा दिलासा देणाऱ्या बाजूलाच चुकतो.

विजेवर चालणारा मीटर एकटा नसतो. त्याचा जोडीदार इंजिनावर बसतो. त्याला सेंडर म्हणतात. दाब किंवा उष्णता बदलली कीं सेंडरचा विद्युत्-रोध बदलतो व त्या मानानें कांटा हलतो. हे दोघे एकाच घराण्यांतले असावे लागतात. युरोपीय पद्धतीच्या व्हीडीओ मीटरांत तेलाचा दाब वाढतांना सेंडर सुमारें १० ओहमपासून १८० ओहमपर्यंत चढतो. अमेरिकन पद्धतीच्या अनेक मीटरांत तोच २४० पासून ३३ पर्यंत उतरतो. पहिल्याचा मीटर दुसऱ्याच्या सेंडरला जोडला तर इंजिन बंद असतांना कांटा पूर्ण दाब दाखवितो आणि दाब वाढूं लागला कीं खालीं येतो! एवढी उघड विसंगति निदान लक्षांत तरी येते. न लक्षांत येणारा दोष आट्यांत असतो. विजेचा परतीचा मार्ग सेंडरच्या आट्यांतून इंजिनाच्या धातूंत जातो. तेल झिरपूं नये म्हणून मिस्त्रीनें आट्यांवर पांढरी टेप भरपूर गुंडाळली कीं तो मार्ग अडतो, रोध वाढतो, आणि व्हीडीओ मीटर तेल आहे त्याहून अधिक दाबाचें असल्याचें सांगूं लागतो. उष्णतेच्या मीटरांत वाढलेला रोध म्हणजे थंड इंजिन. दोन्हीकडे गाडीवान निश्चिंत! नवा सेंडर बसवितांना जुनी दिव्याची कळ काढून टाकूं नये, हेंही येथेंच सांगावयास हवें. पितळी टी-जॉइंट घालून दोन्ही ठेवतां येतात.

ब्रिटिश धर्तीच्या कित्येक गाड्यांत, विशेषतः १९६० नंतरच्या दशकांतील, डॅशबोर्डामागें एक चिमुकली डबी असते. पेट्रोलच्या व उष्णतेच्या मूळ मीटरांना ती सरासरी दहा व्होल्ट पुरविते. बारा व्होल्टांच्या नव्या मीटराला वीज या डबीच्या पुढल्या टोकावरून दिली तर त्याचें वाचन चुकतें. किल्ली फिरविल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून त्याची स्वतंत्र तार घ्यावी आणि तिच्या आरंभींच दोन-तीन अँपिअरचा निराळा फ्यूज घालावा.

अँपिअरमीटरचा प्रश्न सर्वांत नाजूक. जुन्या पद्धतींत स्टार्टर वगळून गाडीचा जवळजवळ सर्व प्रवाह याच मीटरांतून जातो. म्हणजे बॅटरीची जाड, सदैव जिवंत तार, बहुधा फ्यूजवांचून, बॉनेटखालून निघून प्रवाशांच्या गुडघ्यांपर्यंत येते. डायनॅमोच्या काळीं हें निभावलें. लूकासच्या सी-४० जातीच्या डायनॅमोची मर्यादा २२ अँपिअरची, आणि मीटर तीस अँपिअरचा. आतां पुष्कळ मालक डायनॅमो काढून अल्टर्नेटर बसवितात, तो ४५ किंवा ६० अँपिअर सहज देतो. मीटर मात्र जुनाच राहतो. मागचा नट थोडा सैल झाला कीं तेथें उष्णता उत्पन्न होते, तारेवरचें आवरण वितळतें, आणि उघडी तार पत्र्याला लागली तर तिला थांबविणारें मध्यें कांहींच नसतें. डॅशबोर्डामागून निघणाऱ्या धुराचें मूळ अनेकदां येथेंच सांपडतें. ज्याला बॅटरीची स्थिति जाणावयाची आहे त्यानें व्होल्टमीटर बसवावा, हेंच शहाणपणाचें. त्याला दोन बारीक तारा व लहानसा फ्यूज पुरतो. विसावलेली भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असतां कांटा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावा. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. जुनेपणाची शोभा म्हणून अँपिअरमीटर हवाच असेल, तर त्याच्या दोन्ही तारा बाहेरच एकमेकींस जोडून त्याला नुसता दर्शनी ठेवावा.

कामाला आरंभ करण्यापूर्वीं बॅटरीची कोणती बाजू सांगाड्याला जोडलेली आहे तें पाहावें. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत धन बाजू सांगाड्याला जोडीत. एलईडी दिव्यांचे आजचे मीटर अशा गाडींत उलट जोडले जातात आणि चालत नाहींत. मग सांगाड्याकडे जाणारी बॅटरीची तार प्रथम सोडवून ठेवावी. रंगविलेल्या पत्र्यावर स्क्रू आवळून परतीची जोडणी होत नाहीं. रंग खरवडून चकचकीत धातूवर ती करावी. इंजिनाच्या आडभिंतींतून तार नेतांना छिद्राला रबरी बुश हवाच. सांधा डाख देऊन किंवा थिंबल दाबून करावा. नुसत्या पिळलेल्या तारांवरची चिकटपट्टी वैशाखांतल्या उन्हानें सुटते. कांहीं मीटरांत विजेऐवजीं बारीक नळींतून खुद्द तेलच डॅशबोर्डापर्यंत आणलेलें असतें. ते भरंवशाचे खरे, परंतु प्लॅस्टिकची नळी तुटली तर उकळतें तेल चालकाच्या पायांवर येतें. तेथें तांब्याची नळी घ्यावी, आणि इंजिनाचे हादरे सोसावेत म्हणून तिला एक-दोन वेढे द्यावे. डॅशबोर्डाला भोंक मात्र कोणीं पाडूं नये. खालीं लोखंडी पट्टी लावून मीटर तींत बसतात, आणि पुढल्या पिढीला गाडी मूळ रूपांत हवी झाली तर पट्टी काढतां येते.

उष्णतेच्या मीटरची परीक्षा घरच्या पातेल्यांत होते. सेंडर काढून लांब तारेनें मीटरशीं जोडावा, त्याच्या धातूच्या अंगापासून दुसरी तार गाडीच्या सांगाड्याला न्यावी, आणि त्याचें टोंक उकळत्या पाण्यांत बुडवावें. मुंबईंत कांटा १०० अंशांवर आला पाहिजे. महाबळेश्वरीं पाणी चारएक अंश आधींच उकळतें, तेवढी सूट द्यावी. नंतर सेंडर पाण्याबाहेर काढून धरावा. कांटा लागलीच उतरूं लागतो. घाटांत रेडिएटरची नळी फुटून पाणी वाहून गेलें म्हणजे सेंडर असाच कोरडा पडतो, आणि इंजिन जळत असतांना कांटा थंडावा दाखवूं लागतो. चढावर उष्णतेचा कांटा एकाएकीं खालीं आला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन त्याच क्षणीं बंद करावें.