स्वमग्न मूल आणि त्याच्या भोवतीची माणसे

(हीरकमहोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्वमग्नतेवरील व्याख्यान बहुधा लक्षणांच्या यादीने सुरू होते. आज सुरुवात एका माणसापासून करणे अधिक उचित होईल. स्वमग्नतेचे निदान झालेली पहिली व्यक्ती म्हणून ज्याची नोंद आहे, त्या डोनाल्ड ट्रिपलेटचा जन्म १९३३ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या छोट्या गावी झाला. वडील वकील, आईच्या माहेरची गावात बँक. दोन वर्षांच्या वयात हा मुलगा बायबलमधील एक अख्खे स्तोत्र पाठ म्हणत असे. पण घरात कोण आले, कोण गेले याची त्याला दखल नसे. गोल वस्तू जमिनीवर गरगर फिरवण्यात तो तासन् तास रमे. पायातला बूट आईने काढावा असे वाटले, की तो तिला म्हणे, ‘तुझा बूट काढ.’ मराठी घरातील स्वमग्न मूलही पुष्कळदा ‘मला पाणी हवे’ असे न म्हणता ‘तुला पाणी हवे?’ असे म्हणते. आईच्या तोंडून ऐकलेला प्रश्न ते तसाच्या तसा परत देत असते. त्यात उद्धटपणा शोधू नये.

१९३७ साली, चार वर्षे पूर्ण होण्याच्या आतच, डॉक्टरांच्या सल्ल्याने डोनाल्डला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. वर्षभराने आईवडिलांनी संस्थाप्रमुखांचा सल्ला डावलून त्याला घरी आणले. वडिलांनी मुलाची हकिकत टंकलिखित तेहेतीस पानांत लिहून बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे पाठवली. बाल्टिमोरमध्ये मुलाची तपासणी झाली, आणि १९४३ साली कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणे एका निबंधात प्रसिद्ध केली. त्यातला पहिला क्रमांक डोनाल्डचा.

कॅनर यांनी वापरलेला शब्द त्यांच्याआधी स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी वेगळ्याच आजाराच्या संदर्भात घडवला होता. ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. मराठीतील ‘स्वमग्नता’ हे त्याचे नेमके प्रतिरूप आहे. शब्द सुंदर आहे, आणि काहीसा फसवाही आहे. हे मूल स्वतःत बुडालेले आहे, त्याला कोणी नको आहे, असे तो सुचवून जातो.

वस्तुतः अडचण असते ती न बोललेल्या भाषेची. माणसे एकमेकांशी जेवढे शब्दांनी बोलतात, तेवढेच नजरेने, स्वराच्या चढउताराने, भुवयांनी आणि मध्येच थांबण्याने बोलतात. बहुतेक मुले हे सारे न शिकवता उचलतात. स्वमग्न मुलाला ते एखाद्या परक्या भाषेच्या व्याकरणाप्रमाणे जाणीवपूर्वक शिकावे लागते. निरोप देताना कोणी ‘या हं कधी तरी घरी’ म्हटले, की ते मूल ‘किती वाजता?’ असे विचारते. पोटात कावळे ओरडताहेत म्हटल्यावर ते खरोखर घाबरू शकते. नजर मिळवण्याचेही तसेच. समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे त्रासदायक होते, आणि नजर वळवली की ऐकण्यावर अधिक लक्ष देता येते, असे अनेक स्वमग्न प्रौढांनी लिहून ठेवले आहे. तरीही वर्गात ‘माझ्याकडे बघून बोल’ ही आज्ञा अजून सुटत नाही. घंटेचा कर्कश आवाज, डब्यांचे वास आणि मधल्या सुट्टीतला गोंगाट यांचा ताण यावर आणखी वेगळा. म्हणूनच एका मुलाला जमते ते दुसऱ्याला जमेलच असे नाही. काही मुले बोलतच नाहीत, काही थांबत नाहीत.

मध्यंतरी काही दशके या साऱ्याचे खापर आईच्या माथी मारले गेले. आईच्या मायेत ऊब नाही म्हणून मूल असे झाले, असे नामवंत तज्ज्ञ सांगत राहिले. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता, १९६४ च्या आपल्या ग्रंथात या मताचे खंडन केले. स्वमग्नता जन्मजात असते आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे आता निर्विवाद आहे. तरी हळदीकुंकवाच्या घोळक्यात ‘आई नोकरी करते ना, म्हणून’ हे वाक्य आजही ऐकू येते. ते अज्ञान तर आहेच, क्रौर्यही आहे.

डोनाल्ड नऊ-दहा वर्षांचा असताना काही काळ गावाजवळच्या एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांनी या दांपत्याची दखल घ्यायला हवी होती. मुलाला सारखी मापे घेण्याचा ध्यास, तर त्यांनी त्याला विहीर खणायला लावून तिची खोली मोजून सांगायला लावली. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत राही, तर त्यांनी त्या ओळी नांगरता नांगरता मोजायला दिल्या. भेटीला गेलेल्या कॅनर यांनी त्याला घोडा आणि नांगर सफाईने हाकताना पाहिले. मेलेले पक्षी आणि किडे तो गोळा करी, तेव्हा दांपत्याने त्याला दफनभूमीसाठी एक कोपराच दिला. प्रत्येक थडग्यावर तो नाव लिही आणि पुढे त्या शेतकऱ्याचे आडनाव लावी. ज्याला माणसांशी काही देणेघेणे नाही असे समजले गेले, त्याने मेलेल्या गोगलगायीलाही त्या घरातले करून घेतले होते!

पुढे तो गावच्या शाळेत गेला. शाळेच्या इमारतीला किती विटा आहेत, असे मुलांनी विचारले, आणि त्याने एका दृष्टिक्षेपात आकडा सांगितला, अशी आख्यायिका गावात वर्षानुवर्षे सांगितली जाई. म्हातारपणी दोन पत्रकारांनी त्याला याविषयी विचारले. आकडा त्याने मनानेच ठोकून दिला होता. त्या मुलांचे आपल्याविषयी चांगले मत व्हावे, एवढीच त्याची इच्छा होती. ‘स्वमग्न’ या शब्दाचा फसवेपणा येथे उघडा पडतो. मुलांत सामावून जावे, ही ओढ त्याला इतरांएवढीच होती. वाट तेवढी सापडत नव्हती.

डोनाल्ड पदवीधर झाला. बँकेत त्याने अनेक दशके नोकरी केली, मोटार चालवली, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला. ओळखीच्या माणसांना तो क्रमांक देई. गावकऱ्यांनी त्याचे कौतुक केले. पत्रकार चौकशीला आले तेव्हा, त्याला दुखावलेत तर गाठ आमच्याशी आहे, अशी तंबी त्यांना एकाहून अधिक गावकऱ्यांनी दिली. २०२३ साली, ८९ व्या वर्षी, तो वारला. अर्थात बँक घरची होती आणि कुटुंब गोरे व सुखवस्तू होते. त्याच मिसिसिपीत एखाद्या गरीब कृष्णवर्णीय मुलाच्या वाट्याला असे आयुष्य आले नसते, हेही विसरू नये.

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे मांडले, की स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही तसेच इतरांनाही तिचे कळत नाही; दोष मात्र एकाच बाजूस चिकटवला जातो. स्वमग्न व्यक्ती आपापसांत एखादी गोष्ट इतरांइतकीच नीट पोहोचवतात, असे २०२० मध्ये एडिनबरा विद्यापीठातील संशोधकांना आढळले. मग शाळेत शिकवण्या केवळ त्या एका मुलालाच का? वर्गातल्या उरलेल्यांनाही चार गोष्टी शिकवता येतात: त्याला स्पष्ट सांगा, खेळाचा नियम मध्येच बदलू नका, तो एकटा बसला असेल तर आधी विचारा.

आपल्या देशात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळाले. त्यामुळे अशा मुलाला प्रवेश देणे हे आता शाळेचे औदार्य राहिलेले नाही. वेळापत्रक चित्रांत लावणे, सहलीच्या आदल्या दिवशी सगळा क्रम समजावणे, गोंगाट असह्य झाला तर बसायला एक शांत खोली ठेवणे, यांस फार पैसा लागत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास पडतो: मूल स्वमग्न असेल तर घरातली मराठी सोडून केवळ हिंदीत किंवा इंग्रजीत बोलावे काय? तसा सल्लाही पुष्कळांना मिळतो. दोन भाषा कानी पडल्याने अशा मुलाचे बोलणे अधिक मागे पडते, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसलेले नाही. उलट घरातल्यांनी अवघडलेल्या परभाषेत बोलायचे ठरवले, की त्याच्याशी होणारे बोलणेच आटते. आजीने त्याच्याशी मराठीतच बोलावे. वाक्य लहान असावे, आणि उत्तरासाठी नेहमीपेक्षा थोडे अधिक थांबावे.